पहाटे दहा अंश, दुपारी तीस: मराठवाड्याच्या हिवाळ्यात स्पोर्ट्स कार सांभाळताना

स्पोर्ट्स कारबरोबर येणाऱ्या जवळपास प्रत्येक पुस्तिकेत हिवाळ्याचं एक प्रकरण असतं. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ, गोठलेली कुलपं, बर्फातले टायर, आणि नोव्हेंबरात गाडी झाकून ठेवा ती मार्चमध्ये काढा असा सल्ला. हे सगळं जर्मनीत किंवा इंग्लंडात बसून लिहिलेलं, आणि तिथं ते बरोबरच आहे. जालना, परभणी, लातूरकडे तेच वाचून वागायला गेलं तर उलटा कारभार होतो. आपल्याकडे हिवाळा हाच गाडी बाहेर काढायचा हंगाम. मे महिन्यात ४३-४४ अंशांत हौसेची गाडी कोण काढतो? पावसाळ्यात खड्ड्यातल्या पाण्याचा अंदाज येत नाही आणि पोट खाली घासतं, म्हणून तिला महिनोन्‌महिने कुणी हात लावत नाही. दसऱ्याला झेंडूचा हार पडतो, पूजा होते, आणि तिथून होळीपर्यंत तिचे दिवस.

या भागाला गाडीचं वेड नवं नाही. संभाजीनगरकरांनी २०१० साली एकगठ्ठा दीडशे मर्सिडीज घेतल्याची बातमी देशभर गाजली होती. शहराजवळच्या शेंद्र्याला २००१ पासून स्कोडा जोडल्या जातात, पुढे ऑडीही तिथं जोडल्या जाऊ लागल्या. त्यामुळे शोधलं तर कुणाच्या दारात जुनी ऑक्टाव्हिया आरएस, कुणाकडे पोलो जीटीआय, कुणाकडे मुंबईहून सेकंड हँड आणलेली ऑडी टीटी, बीएमडब्ल्यू झेड-४ किंवा पोर्शे बॉक्स्टर सापडते. त्यात समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंतचा सगळा ७०१ किलोमीटरचा रस्ता खुला झाला. आता पहाटे उठून गाडी मोकळी सोडायला जागा आहे. देखभालीची माहिती मात्र अजून परदेशी हवेची.

आपल्या हिवाळ्याचा खरा स्वभाव म्हणजे पहाट आणि दुपार यांच्यातलं अंतर. परभणीकडे पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी तिथंच स्वेटर काढून खांद्यावर टाकावा लागतो. गाडीला नुसत्या थंडीने काही होत नाही. रोज वीस अंश वर, वीस अंश खाली, सोबत कोरडी हवा, धूळ आणि पहाटेचं दव, याचा तिला त्रास होतो. हे एकदा ध्यानात घेतलं की बाकीची कामं आपोआप सुचत जातात.

टायरमधली हवा

हवा तापली की पसरायला बघते. टायर काही फार मोठा होत नाही, म्हणून आतला दाब वाढतो. ढोबळ हिशेब असा की साधारण साडेपाच अंशांच्या फरकाला दाब एक पीएसआयने (पंपावर हवा ज्यात मोजतात त्या मापाने) बदलतो. वीस अंशांच्या फरकाला साडेतीन झाले. आता चित्र बघा. दुपारी दोन वाजता तुम्ही पंधरा-वीस किलोमीटर गाडी चालवून पंपावर गेलात. ऊन आहे, आणि चालून टायर आणखी तापलेत. पोऱ्याने ३३ भरून दिले. दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला तेच टायर २७ च्या आसपास आलेले असतात. गाडी सुरू केली की डॅशबोर्डवर टायरचा पिवळा दिवा लागतो, अकरा वाजेपर्यंत तो विझतो, आणि मालक म्हणतो सेन्सर गंडलाय. सेन्सर बिचारा खरंच सांगत असतो.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत जो आकडा छापलेला असतो, तो थंड टायरचा. थंड म्हणजे गाडी निदान तीन तास उभी होती, किंवा दोन-तीन किलोमीटरच्या वर चाललेली नाही. म्हणून हवा घरीच, सकाळी, गाडी हलवायच्या आधी भरावी. बारा व्होल्टचा छोटा पंप आणि एक बरा गेज, एवढी गुंतवणूक माझ्या मते कुठल्याही पॉलिशच्या बाटलीपेक्षा महत्त्वाची आहे. स्पोर्ट्स कारचे टायर बुटके असतात, म्हणजे रिम आणि रस्ता यांच्यात रबराची पट्टी जेमतेम. हवा पाच पीएसआयने कमी असली की एखाद्या खड्ड्यात रिम वाकते. आणि कमी हवेत समृद्धीच्या काँक्रीटवर वेग धरला की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला दबते, सुटते, आतून तापत जाते. टायर फुटण्याच्या मागे पुष्कळदा हेच असतं.

नायट्रोजनबद्दल नेहमी विचारतात. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीपासूनच आहे. शुद्ध नायट्रोजन कोरडा असतो, थोडा हळू गळतो, इतकंच. थंडीत त्याचाही दाब तेवढाच उतरतो. भरा हवं तर, पण तो भरलाय म्हणून गेज माळ्यावर टाकू नका.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण बघतच नाहीत, ती म्हणजे टायरचं वय. हौसेची गाडी कमी चालते, म्हणून नक्षी शाबूत असते आणि टायर नवे वाटतात. टायरच्या बाजूवर एका लंबगोलात चार आकडे असतात. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तो बनला. पाच वर्षांनंतर दरवर्षी टायर जाणकाराला दाखवावा, आणि दहा वर्षांचा असेल तर नक्षी कितीही असो, काढून टाकावा. आपल्या उन्हात रबर लवकर कडक होतं. कडक रबर पहाटेच्या गार रस्त्यावर अजून कडक होतं, कारण या गाड्यांचे टायर मुळात उन्हाळी मिश्रणाचे असतात आणि सात अंशांच्या खाली त्यांची पकड चांगलीच घसरते. आपल्याकडे पहाट क्वचितच इतकी गार होते, पण आठ-दहा अंशांतही पहिले काही किलोमीटर गाडी सावकाश घ्यावी. मागच्या चाकांना ताकद असलेली गाडी असेल तर स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे गाडी घसरू न देणारी यंत्रणा, बंद करायची हौस टायर तापेपर्यंत तरी आवरावी.

बॅटरी मरते मेमध्ये, कळतं डिसेंबरात

बॅटरीचा खरा शत्रू उन्हाळा. उष्णतेने आतल्या प्लेटा झिजतात, पाणी उडतं. पण उन्हाळ्यात इंजिन सहज फिरतं, म्हणून तिची ओढाताण दिसत नाही. थंडीत ऑइल घट्ट होतं, बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आणि आधीच खंगलेली बॅटरी एका पहाटे नुसती टक्‌टक्‌ करते.

घरी मल्टीमीटर असेल तर तब्येत बघायला दोन मिनिटं लागतात. गाडी रात्रभर उभी होती, सगळं बंद, आणि मीटर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवतो, म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर ती जवळपास रिकामीच. एजीएम बॅटरी, म्हणजे आतलं आम्ल काचतंतूंच्या थरात शोषून ठेवलेली बंद बॅटरी, असेल तर भरलेली १२.८ च्या आसपास दाखवते. आकडा बारीक वाटतो, पण या अर्ध्या व्होल्टमध्येच सगळी कथा आहे.

उभी गाडीही बॅटरी पितेच. अलार्म, चावी ओळखणारा रिसीव्हर, घड्याळ, निरनिराळे कंप्युटर. सगळं मिळून ५० मिलीअँपिअर धरलं, तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गेले, महिन्याला ३६. सत्तर अँपिअर-अवरची बॅटरी असली तर महिन्यात निम्मी खलास. यावर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला घरगुती उपाय म्हणजे दर रविवारी गाडी सुरू करून दहा मिनिटं जागेवर गुरगुरत ठेवणे. हा उपाय बंद करायला हवा. जागेवर इंजिन चालवून बॅटरीत फारसं काही परत जात नाही, आणि इंजिनचं नुकसान होतं ते वेगळंच.

कारण ऐकलं की पटेल. एक लिटर पेट्रोल जळलं की त्यातून जवळपास एक लिटर पाणी तयार होतं, वाफेच्या रूपात. इंजिन आणि सायलेन्सर तापलेले असले की ती वाफ बाहेर पडते. दहा मिनिटांत काहीच पुरतं तापत नाही, म्हणून वाफ आतच थिजते. काही सायलेन्सरमध्ये साचून आतून गंज धरते, काही ऑइलमध्ये मिसळते. शिवाय थंड इंजिनला कंप्युटर जास्तीचं पेट्रोल देतो, त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतींवरून ऑइलमध्ये उतरतं. असं महिनाभर केल्यावर ऑइल भरायचं झाकण उघडून बघा. त्याच्या आतल्या बाजूला ताकावरच्या लोण्यासारखा पिवळट थर धरलेला असतो. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनमध्ये पाणी आणि ऑइल वेगळं ठेवणारी पट्टी, गेलं म्हणून लोक घाबरतात. कूलंट (इंजिन गार ठेवणारं द्रव) कमी होत नसेल तर तो बहुधा या रविवारच्या गुरगुरण्याचा प्रसाद असतो. एक लांब फेरी मारली की बराचसा निघून जातो.

पंधरवड्यातून एकदा पाऊण तास खरीखुरी फेरी, ही सगळ्यात चांगली देखभाल. ते जमत नसेल तर बॅटरी भरलेली ठेवणारा स्मार्ट चार्जर आणा. तो बॅटरी भरली की स्वतःच करंट कमी करतो आणि १३.२ ते १३.६ व्होल्टच्या आसपास तिला धरून ठेवतो. विकत घेताना एकच प्रश्न विचारा: लाइट गेली आणि परत आली तर हा आपोआप सुरू होतो का? काही होतात, काहींचं बटण पुन्हा दाबावं लागतं, आणि आपल्याकडच्या लाइटचा भरवसा किती हे सांगायला नको. घरच्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी जोडून चार्ज करायचा जुगाड मात्र नको. इन्व्हर्टर मोठ्या ट्युब्युलर बॅटरीसाठी बनलेला असतो, त्याचा करंट आणि व्होल्टेज गाडीच्या एजीएमला झेपतंच असं नाही.

बॅटरी पूर्ण बसली तर या गाड्यांत वेगळीच पंचाईत होते. ज्यांच्या दाराला काचेभोवती चौकट नसते, त्या गाड्यांत हँडल ओढताच काच बोटभर खाली सरकते आणि मग दार उघडतं. बॅटरी नसेल तर काच सरकत नाही. तशात जोर लावून दार ओढलं की काच रबरात अडकते, फाटतं ते रबर किंवा तडकते ती काच. काही पोर्शे गाड्यांत बॅटरी पुढच्या डिकीत असते आणि त्या डिकीचं कुलूप विजेवर चालतं. म्हणजे बॅटरी बसली की बॅटरीपर्यंत पोचताच येत नाही. त्यासाठी फ्यूजच्या पेटीत बाहेरून करंट द्यायची सोय असते. ती कुठं आहे हे पुस्तिकेत आजच बघून ठेवा.

ऑइल आणि सकाळची पहिली दहा मिनिटं

ऑइलच्या डब्यावर ५डब्ल्यू-४० असं लिहिलेलं असतं. त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटर. ५डब्ल्यू ऑइलची थंडीतली परीक्षा उणे ३० अंशांवर होते, १५डब्ल्यूची उणे २० वर. आपली पहाट कितीही बोचरी वाटली तरी या आकड्यांच्या आसपासही नाही, म्हणून हिवाळ्यापुरतं पातळ ऑइल टाकायची काही गरज नाही. दुसरा आकडा ऑइल शंभर अंशांना तापल्यावर किती घट्ट राहतं ते सांगतो, आणि मराठवाड्यात तोच जास्त महत्त्वाचा. कंपनीने पुस्तिकेत जी श्रेणी आणि जो मंजुरी क्रमांक दिलाय, त्यातच राहावं. ओळखीचा मिस्त्री ‘हे जाड टाका, इंजिन गप्प होतं’ म्हणाला तरी.

सकाळी मात्र ऑइलला वेळ द्यावा लागतो. डॅशबोर्डवरचा काटा पाच-सात मिनिटांत ९० वर येतो, पण तो पाण्याचा. ऑइल तापायला त्याच्या दुप्पट वेळ जातो. ऑइलचं तापमान दाखवणारा गेज असेल तर ८० पर्यंत पोचेस्तोवर इंजिन मिनिटाला तीन हजार फेऱ्यांच्या वर नेऊ नये. गेज नसेल तर पाण्याचा काटा वर आल्यावरही दहा मिनिटं शांतपणे चालवावी. जागेवर उभं राहून गरम करू नये, कारण वर सांगितलंच आहे, आणि जागेवर ते लवकर तापतही नाही. सुरू करा, अर्धा मिनिट थांबा, आणि हळू निघा.

टर्बो, म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, असलेल्या गाडीला परतीची वाटही तितकीच महत्त्वाची. दाबून चालवल्यावर टर्बोतून जाणारा धूर ९०० अंशांच्या घरात असतो आणि त्या पंख्याच्या दांड्याच्या बेअरिंगला ऑइल वंगण देत असतं. तशीच गाडी दारात आणून बंद केली की ऑइलचा प्रवाह थांबतो आणि उरलेलं तिथंच करपतं. शेवटचे तीन-चार किलोमीटर आरामात आलं की वेगळं थांबायची गरज राहत नाही. बंद केल्यावर पुढून पंखा किंवा छोटा पंप फिरल्याचा आवाज आला तर घाबरू नका, गाडी स्वतःला गार करते आहे.

बोअरचं पाणी

‘साहेब, आपल्याकडं कुठं बर्फ पडतंय, कूलंट कामून टाकायचं? साधं पाणी भरतो.’ हे वाक्य मराठवाड्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याने कधी ना कधी ऐकलेलं आहे. बर्फाबाबत मिस्त्रीचं खरं आहे. निम्मं कूलंट आणि निम्मं पाणी असं मिश्रण उणे ३७ पर्यंत गोठत नाही, आणि आपल्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. उपयोग आहे तो दुसऱ्या दोन कामांसाठी. कूलंट पाण्याचा उत्कलनबिंदू वाढवतं, आणि त्यातली रसायनं अॅल्युमिनियमला गंजू देत नाहीत. साध्या पाण्यात यातलं काहीच नाही. बोअरचं पाणी तर क्षारांनी भरलेलं. घरातल्या हीटरच्या कॉइलवर जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. जानेवारीत ते कळत नाही. एप्रिलमध्ये काटा वर चढायला लागला की कळतं, आणि तोवर रेडिएटर बदलायची वेळ आलेली असते.

तेव्हा कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, दुसरं काही नाही. रंग बघून मिसळू नका. गुलाबी-गुलाबी एकच असतं असा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपला रंग ठरवते.

धुण्यालाही हेच पाणी येतं. आरओच्या मशिनमधून वाया जाणारं पाणी बादलीत धरून गाडी धुवायची काटकसर घरोघरी चालते. पाण्याच्या टंचाईच्या भागात ती समजण्यासारखी आहे, पण त्या पाण्यात बोअरपेक्षाही जास्त क्षार असतात, कारण मशिनने गाळून टाकलेलं सगळं त्यातच उतरतं. त्याने अंगण धुवा, चाकांचा चिखल काढा. काळ्या किंवा लाल रंगाच्या बॉडीवर ते वाळू दिलं तर पांढऱ्या वर्तुळांचे डाग पडतात, आणि उन्हात तापून ते रंगावरच्या पारदर्शक लॅकरमध्ये बसले की पॉलिशशिवाय निघत नाहीत. काहीही पाणी वापरा, पण सावलीत धुवा आणि वाळायच्या आत मायक्रोफायबरने टिपून घ्या.

दव आणि धूळ

हिवाळ्यात पहाटे गाडीच्या बॉनेटवर दव पडलेलं असतं आणि त्याखाली आदल्या दिवसाची धूळ. दोन्ही मिळून एक पातळ राड तयार होते. नेमक्या त्याच वेळी कॉलनीतला गाडी पुसणारा मुलगा येतो आणि एकाच कळकट फडक्याने सगळ्या गाड्या चकाचक करून जातो. प्रत्येक फेरीला त्या राडेतले कण रंगावर ओढले जातात. रंगावरचा लॅकर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. संध्याकाळी पथदिव्याखाली गाडी उभी करा आणि बॉनेटकडे तिरकं बघा. दिव्याभोवती गोल गोल बारीक रेघांचं जाळं दिसलं की समजावं, रोजच्या पुसण्याचं ते फळ आहे. त्या मुलाला पगार चालू ठेवा, फक्त या गाडीला हात लावू नको म्हणून सांगा.

धुताना आधी नुसत्या पाण्याने राड खाली उतरवायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पू आणि दुसरीत साधं पाणी. हातमोजा प्रत्येक वेळी साध्या पाण्यात खंगाळून मगच शाम्पूत घालायचा. वरून खाली, आणि चाकांना वेगळं फडकं.

साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांचा त्रास निराळा. गाळप सुरू झालं की रात्रीतून काळी राख पडते. तिला फडकं लावलं की ती पिठागत पसरते आणि चिकटते. आधी फुंकर मशिनने किंवा पाण्याच्या हलक्या धारेने उडवायची. सेलू, परभणी, माजलगावच्या जिनिंगच्या पट्ट्यात कापसाचे तंतू उडत असतात. ते रेडिएटर आणि इंटरकूलरच्या (टर्बोची हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पत्र्यांत जाऊन बसतात. पुढच्या जाळीतून टॉर्च मारून बघावं आणि मऊ ब्रशने, जमलं तर मागून पुढे, काढावं. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर पत्रे आडवे होतात.

कव्हरबद्दल माझं मत जरा कडू आहे. मळलेल्या गाडीवर कव्हर टाकणं म्हणजे रंग घासायची सोय करणं. रेक्झिनचं कव्हर दुपारी तापतं आणि पहाटे त्याच्या आत पाणी सुटतं. घरात, शेडमध्ये, स्वच्छ गाडीवर सुती कव्हर ठीक. उघड्यावर वाऱ्यात फडफडणाऱ्या कव्हरापेक्षा उघडी गाडी बरी.

हुरड्याला जाताना

डिसेंबर-जानेवारीत शेतावर हुरडा असतो आणि गाडी दाखवायची हौसही असते. या गाड्यांचं पोट जमिनीपासून जेमतेम ११-१३ सेंटिमीटर वर. बांधावर, चारीवर तिरकं चढवलं तर एक एक चाक उचललं जातं आणि पुढच्या बंपरचा ओठ घासत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असलेला धोका रस्त्यावर पसरलेला असतो. आपल्याकडे तूर, सोयाबीन डांबरी रस्त्यावर टाकायची पद्धत आहे, येणारी-जाणारी वाहनं फुकटात मळणी करून देतात. उंच गाडी त्यावरून निघून जाते. बसक्या गाडीच्या पोटात ते भुसकट गुंततं, एक्झॉस्ट आणि पोटाखालच्या प्लास्टिकच्या झाकणामध्ये दाबून बसतं. एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा डबा, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, कित्येक शे अंशांना तापलेला असतो. वाळलेलं कुटार पेटायला एवढं पुरे. असं पसरलेलं पीक दिसलं तर बाजूने काढा, जागा नसेल तर थांबून शेतकऱ्याला दोन हात सरकवायला विनंती करा. कुणी नाही म्हणत नाही. गेलीच वरून, तर पुढे थांबून खाली वाकून बघा आणि काडीने ओढून काढा, हाताने नको. शेतात गाडी वाळल्या गवतावर किंवा कडब्याशेजारी उभी करू नका. जागा मोकळ्या मातीची हवी.

ब्रेक, उंदीर, पेट्रोल

दवाने ब्रेकच्या डिस्कवर रात्रीतून तांबूस गंज येतो. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये तो निघतो, थोडा खरखर आवाज येतो, काळजी नको. धुतल्यावर गाडी लगेच हँडब्रेक ओढून उभी करू नका, पॅड डिस्कला चिकटतो. एक चक्कर मारून ब्रेक वाळवा. ब्रेकचं ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि आपला पावसाळा त्यासाठी पुरेसा असतो. नव्या डॉट-४ ऑइलला उकळायला किमान २३० अंश लागतात, ओल धरल्यावर मर्यादा १५५ पर्यंत उतरलेली असू शकते. कन्नडच्या किंवा मांजरसुंब्याच्या घाटात उतरताना पेडल मऊ पडलं तर कारण हेच. दर दोन वर्षांनी बदलावं, गाडी चालो न चालो.

पिकं निघाली की शेतातले उंदीर घराकडे वळतात, आणि नुकत्या बंद केलेल्या इंजिनसारखी उबदार जागा त्यांना दुसरी नाही. वायर कुरतडतात, एअर फिल्टरच्या पेटीत कापूस आणून घर करतात. डांबरगोळ्या बॉनेटखाली टाकल्या तर वास एसीतून आत येतो आणि डोकं उठतं, उंदरांचं मात्र काही बिघडत नाही. शेडमध्ये रात्री बॉनेट उघडं ठेवणं बऱ्यापैकी चालतं, कारण मग ती जागा ना उबदार राहते ना अंधारी. पोत्यातलं धान्य, पेंड त्या खोलीत नको. दर आठवड्याला टॉर्च घेऊन बघा, लेंड्या दिसल्या तर पिंजरा लावा. आणि सकाळी सुरू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारा, मांजरही तिथं झोपलेलं असू शकतं.

पंपावर आता इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, वीस टक्क्यांपर्यंत. इथेनॉल पाणी ओढतं. थोडं पाणी त्यात मिसळून जातं, मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून टाकीच्या तळाशी वेगळं बसतं, आणि पंप नेमका तळातून ओढतो. एप्रिल २०२३ च्या आधीची गाडी असेल तर तिचे रबरी होस आणि सील वीस टक्क्यांचा विचार करून बनलेले असतीलच असं नाही. वर्षातून एकदा ते तपासून घ्या, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा वास आला तर त्याच दिवशी. गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर टाकी भरून ठेवा, म्हणजे आत हवा कमी आणि ओलही कमी. हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये टाकून चाकाला लाकडी ठोकळा लावा, आणि टायरमध्ये तीन-चार पीएसआय हवा जास्त भरा. परत काढताना ती कमी करायची आठवण म्हणून स्टिअरिंगला चिठ्ठी बांधा.

कापडी छताची गाडी असेल तर एकच सांगतो: छत ओलं असताना किंवा गार पहाटे दुमडू नका. मागची काच प्लास्टिकची असलेल्या जुन्या गाड्यांत ती थंडीत कडक होते आणि घडीवर तडकते. दुपारी उन्हात मऊ झाली की मग उघडा. छताच्या कडेच्या पन्हाळीत कडुनिंबाची पानं अडकतात, ती काढत राहा, नाहीतर धुताना पाणी सीटखाली उतरतं. दाराच्या रबरांना सिलिकॉन ग्रीसचं बोट फिरवा, कोरड्या हवेत ती लवकर चिरतात.

घरी गाडी उचलायची असेल तर ती सपाट, पक्क्या जमिनीवरच, आणि पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच जॅक लावून. या गाड्या इतक्या बसक्या असतात की साधा जॅक खाली शिरतच नाही, म्हणून आधी चाकं दोन इंच फळीवर चढवून घ्यावी लागतात. जॅकवर उचललेल्या गाडीखाली अंग घालू नये, खाली स्टँड लावल्याशिवाय तर कधीच नाही. चाकाचे बोल्ट पाय देऊन आवळायची आपल्याकडची सवय अलॉय रिमला महाग पडते. ठरावीक जोरालाच आवळणारा टॉर्क पाना आणा, आकडा पुस्तिकेत असतो, ऑक्टाव्हियाला १२० न्यूटन-मीटर लागतात. बोल्ट समोरासमोरचे आवळत जा, आणि ५०-१०० किलोमीटर चालल्यावर चाक थंड असताना पुन्हा एकदा पाना लावून बघा.